लाल म्हणजे खराब, निळं म्हणजे ओके? मुळीच नाही

बुधवारी संध्याकाळी भाचा घरी आला तो फोन पुढे करतच. आयटीआय करून भोसरीतल्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला लागून त्याला जेमतेम वर्ष झालंय. "आत्या, हे वाच गं. साहेबांनी ग्रुपवर टाकलंय. उद्या गुरुवार, सुट्टी आहे, तर इलेक्ट्रिक पॅनेलचे फोटो काढायला मलाच बोलावलंय."

मेसेज मी वाचलेला होता, आठवड्याभरात तिसऱ्यांदा आला होता. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: थर्मल कॅमेरा (उष्णतेचं रंगीत चित्र दाखवणारा) दार बंद असलेल्या पॅनेलमधूनही आतलं दाखवतो. कशालाही हात लावायचा नाही, म्हणून धोका शून्य. सुट्टीच्या दिवशी निवांत फोटो काढा. लाल दिसलं तर पार्ट बदला, निळं दिसलं तर वर्षभर बघायला नको. टाइटनिंग (बोल्ट आवळणं), मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र), शटडाऊन, सगळा खर्च वाचला.

मी बारा वर्षं थर्मोग्राफी, म्हणजे याच कॅमेऱ्याने तपासणी, करते. हा मेसेज आमच्याच कामाची स्तुती करतो, तरी तो वाचून मला संताप आला. कारण उद्या त्या पॅनेलसमोर आमचा पोरगा उभा राहणार होता.

धोका शून्य? बसबार (करंट वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि टर्मिनल (वायर जोडायच्या जागा) बघायचे तर सप्लाय चालू असताना दार उघडावंच लागतं, आणि या कामातली सगळ्यात धोक्याची वेळ तीच. दाराचा सुटा स्क्रू आत पडतो. आत शिरलेली पाल दार हलताच दोन फेजच्या मध्ये पडते. मग होतो तो आर्क फ्लॅश, म्हणजे हवेतून उडणाऱ्या ठिणगीचा स्फोट. त्याच्या गाभ्यातलं तापमान १९,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं. तांब्याची वाफ होते आणि समोरचा माणूस कशालाही हात न लावता भाजतो. टेरिकॉटचा शर्ट अंगाला चिकटतो. त्यासाठी आर्क रेटेड (ही झळ सोसणारे) कपडे आणि फेसशील्ड लागते, सोबत दुसरा माणूस लागतो, आणि दार अधिकृत, अनुभवी माणसानेच उघडायचं असतं. वर्षभराच्या पोराच्या हातात कॅमेरा देऊन "जा, फोटो काढ" म्हणणं हा गुन्हा आहे, मी दुसरा शब्द वापरणार नाही.

बंद पॅनेलमधून काहीही दिसत नाही. कॅमेरा पृष्ठभागावरून निघणारी उष्णतेची किरणं टिपतो, साधारण ८ ते १४ मायक्रॉनची. ती पत्र्यातून पार होत नाहीत. साध्या काचेतून नाहीत आणि बसबारपुढे लावलेल्या ॲक्रिलिकच्या शीटमधूनही नाहीत. दाराचा रंग किती तापलाय एवढंच कळतं. दार न उघडता आत बघायचं असेल तर पॅनेलला खास स्फटिकाची खिडकी बसवून घ्यावी लागते. ती असेल तर उत्तमच.

आता लाल-निळं. भाच्याला हे तोंडी पटेना, म्हणून स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळलं, बाहेरून काळ्या इन्सुलेशन टेपची एक पट्टी चिकटवली आणि त्याच्यावर कॅमेरा धरला. टेपवर नव्वदच्या वर अंश, आणि तिला लागूनच असलेल्या चकचकीत स्टीलवर चाळिशीतला आकडा. पातेलं एकच, पाणी एकच. चकचकीत धातू उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि समोरच्या वस्तूंची परावर्तित करतो, म्हणून तो आहे त्यापेक्षा थंड दिसतो. नव्या तांब्याच्या बसबारचं तेच होतं. निळा दिसणारा सांधा आतून जळत असू शकतो.

उलट लाल दिसणारं सगळं खराब नसतं. कॅमेरा ऑटो स्केलवर (रंग आपोआप ठरवण्यावर) असला की फ्रेममधलं सगळ्यात गरम ते लाल होतं, मग ते ३८ अंश का असेना. कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचची) कॉइल गरमच असते. म्हणून रंग बघायचा नाही, तुलना करायची: सारख्या लोडवर असलेले आर, वाय, बी तिन्ही फेज एकमेकांशी. अमेरिकेतल्या नेटा या संघटनेच्या मेन्टेनन्स टेस्टिंगच्या मानकात तक्ता आहे: सारख्या भागांत १ ते ३ अंशांचा फरक म्हणजे दोषाची शक्यता, तपासा; ४ ते १५ म्हणजे दोष बहुतेक आहे, सवड काढून दुरुस्त करा; १५ च्या वर गेला तर लगेच. बदलायचं काय, तेही चित्रातच दिसतं. लगवर (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर) सगळ्यात गरम आणि केबलवर पुढे पुढे थंड होत गेलं तर दोष जोडणीत. अख्खी केबल सारखी तापली असेल तर लोड जास्त. एका ठिकाणी चांगली एमसीसीबी (मोठा सर्किट ब्रेकर) काढून नवी बसवलेली मी पाहिली आहे. लगचं क्रिम्पिंग (केबलवर दाबून बसवणं) तसंच ढिलं राहिलं, आणि महिन्याभरात नवी एमसीसीबीही तितकीच तापू लागली.

सुट्टीच्या दिवशी फोटो काढून तर काहीच उपयोग नाही. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, करंट दुप्पट तर उष्णता चौपट. २०० अँपिअरला जो सांधा भोवतालपेक्षा ३० अंशांनी तापतो, तो १०० अँपिअरला जेमतेम आठ-दहा अंश दाखवेल, आणि गुरुवारी नुसते दिवे चालू असताना काहीच नाही. फोटोसोबत क्लॅम्प मीटरचं (वायरमधला करंट मोजणाऱ्या मीटरचं) रीडिंग लिहिलेलं नसेल तर तो फोटो मी बघतसुद्धा नाही.

शटडाऊनबद्दल मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते मानते. ढिली जोडणी शटडाऊनशिवाय सापडते, यासाठीच तर हे तंत्र आहे. दरवर्षी सगळे बोल्ट आवळत सुटणंही चुकीचं, जास्त आवळून चांगली जोडणी बिघडते. पण सापडलेली जोडणी दुरुस्त करायला सप्लाय बंद करावाच लागतो, आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्यानेच) आवळायचा. मेगर इन्सुलेशन तपासतो, ते कॅमेऱ्याला दिसत नाही.

भाच्याने माझ्यासमोरच साहेबांना फोन लावला. फोटो आता शुक्रवारी, सेकंड शिफ्टला, मशिनं पूर्ण लोडवर असताना निघतील. दार त्यांचा लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन उघडणार आहे, आणि तोवर हा मागे उभा राहणार आहे.