कल्हई दाखवा, पण जाळ नको

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक फार गोड कलम आहे. सहावी ते आठवीच्या दरम्यान मुलांनी दहा दिवस दप्तराशिवाय काढायचे आणि त्या काळात सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा आपल्या भागातल्या जाणकार लोकांच्या हाताखाली काम शिकायचं. वाचूनच बरं वाटतं. त्यात एवढंच लिहायचं राहून गेलंय की हे सुतार-कुंभार शोधून आणायचे कुणी. तर ते पीटीएतल्या आयांनी आणायचे. म्हणजे मी.

खरं तर धोरणाप्रमाणे मुलांनी त्यांच्याकडे जायला हवं, पण बस, पालकांची परवानगी, इन्शुरन्स आणि "तिथे वॉशरूम क्लीन असतील का" या चार प्रश्नांत ते बारगळलं आणि ठरलं की कारागिरांनाच शाळेत बोलवायचं, एका दिवसात सगळे उरकायचे, नाव 'हेरिटेज डे'. गांधीजींनी 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तव्यवसायातून शिक्षण द्या असं मांडलं होतं, त्यांना बिचाऱ्यांना हेरिटेज डे सुचला नाही.

आधी चार्ट. 'बारा बलुतेदार' असा विषय दिला आणि ग्रुपवर युद्ध पेटलं, कारण प्रत्येकीची बाराची यादी वेगळी. एकीच्या यादीत सोनार, दुसरीच्या यादीत कोळी, तिसरीने थेट तेली-तांबोळी घातले, ते अलुत्यात, म्हणजे बलुत्यांनंतरच्या दुय्यम यादीत, जातात म्हणून चौथी तुटून पडली. मुळात ही यादी प्रांताप्रांतात वेगळी होती, सगळ्या बरोबरच होत्या, पण मॅमना 'मॉडेल आन्सर' हवं होतं. चार्टवर सगळे बलुतेदार गुबगुबीत गालांचे आणि हसरे. सुगीला शेतकऱ्याच्या दारात धान्यासाठी उभं राहायचं आणि कुठलं काम कुणी करायचं हे जन्माच्या आधीच ठरलेलं, हे काही त्या चित्रात येत नाही. वर्कशीटमध्ये एक प्रश्न होता, 'तुमच्या घराण्याचा पारंपरिक व्यवसाय लिहा'. आमच्या चिरंजिवांच्या शेजारच्या मुलाने तिथे 'बिझनेस' लिहिलं. त्याच्या आजोबांचं चपला-बुटांचं काम होतं हे मला माहितीये, त्यालाही माहितीये, आणि त्याने ते का लिहिलं नाही हे वर्कशीट काढणाऱ्यांना समजायला हवं होतं. मी बोलले. "ओके मॅम, नेक्स्ट टाइम." असो.

माझ्या वाट्याला कुंभार आणि कल्हईवाला आले. कुंभार लगेच मिळाले, फोनवर "येतो की ताई" म्हणाले. आले ते जीन्स-टीशर्टमध्ये, विजेवर चालणारं चाक घेऊन. कोऑर्डिनेटर मॅमचा चेहराच पडला. त्यांना फेटा हवा होता, आणि काठीने गरगर फिरवायचं ते मोठं चाक.

"काका, तुमचं ओरिजिनल चाक नाही का?"

"आहे की. ते फिरवून खांदा गेलाय माझा. तुम्ही फिरवता का मॅडम, मी मडकं घडवतो."

पुढे फेट्याचा विषय निघाला नाही. मुलं मात्र त्या चाकाला अशी चिकटली की मधली सुट्टी संपल्याची घंटा कुणाला ऐकूच गेली नाही. सोपं वाटतं हो ते, पण गोळा मधोमध बसला नाही तर भांडं डुगडुगायला लागतं आणि मग दोन्ही हातांनी धरलं तरी भेलकांडत जातं. वर्गात पहिला येणारा मुलगा पणतीसाठी बसला आणि त्याच्या हातात वेफर आलं. मागच्या बाकावरच्या एका पोरीने पहिल्या फटक्यात काठ उचलला, काका म्हणाले, "हिला माझ्याकडे पाठवा." तिच्या आईला हे कॉम्प्लिमेंट आहे की काय आहे ते कळेना.

खरी परीक्षा कल्हईवाल्याची. लहानपणी "कल्हईऽऽय" अशी हाक यायची आणि सगळी आळी भांडी घेऊन बाहेर. आता तो माणूस गूगल मॅपवर नाही. शेवटी तांबट आळी गाठली. कसबा पेठेत पेशव्यांच्या काळापासून तांबट आहेत, अजूनही ठोकठोक चालू असते, तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने एकेक ठिपका पाडत मठारकाम करतात, ते बघत मी तिथेच अर्धी सकाळ घालवली. पण तांबट भांडं घडवतो, कल्हई लावणारा वेगळा. तिथून एक नंबर मिळाला, तो त्यांच्या जावयाचा निघाला, जावयाने मुलाचा दिला, आणि अशा रीतीने चाचा सापडले. वय सत्तरच्या पुढे, आवाज खणखणीत.

"ताई, येतो. भांडी किती आहेत?"

मी गप्प. हा प्रश्न नियोजनाच्या एक्सेल शीटमध्ये नव्हता.

ग्रुपवर मेसेज टाकला, 'कुणाकडे तांब्या-पितळेची स्वयंपाकाची भांडी आहेत का'. भरपूर आली हो, सगळी शोपीस. पितळी घंगाळात मनी प्लांट, तांब्याच्या हंड्यात प्लॅस्टिकची सूर्यफुलं, आणि प्रत्येकाबरोबर सूचना, 'प्लीज याला काही लावू नका, लॅकर केलंय'. एकीने विचारलं, कल्हई लावल्यावर अँटिक लुक जाईल का. अहो जाईल ना, ते भांडं परत भांडं होईल! कल्हई लागते ती ज्यात आंबट शिजतं त्याला, नाहीतर चिंचेची आमटी किंवा कढी कळकते, हिरवट होते. घरात सगळं स्टील आणि नॉनस्टिक, मग कळकणार काय आणि चाचा खाणार काय. शेवटी माझ्या सासूबाईंची दोन पातेली माळ्यावरून काढली, त्यांनी ती देताना माझ्याकडे जे बघितलं ते इथे लिहीत नाही.

मग परवानगी. शाळेचा मेल आला की डेमॉन्स्ट्रेशन वेलकम आहे पण ओपन फ्लेम अलाउड नाही, इंडक्शन वापरावा. मी चाचांना फोन स्पीकरवर ठेवून हे सांगितलं. ते क्षणभर थांबून म्हणाले, "मग कल्हई पण फोटोतच लावू ना."

तोडगा निघाला, ग्राउंडच्या टोकाला, वाळूच्या बादल्या ठेवून, वॉचमन पहाऱ्याला. चाचांनी जमिनीत छोटा खड्डा केला, भात्याचं तोंड त्यात सोडलं, कोळसे पेटवले. पातेलं वाळूने घासून आधीच स्वच्छ केलेलं. ते निखाऱ्यावर तापवलं, चिमट्याने फिरवत फिरवत, सगळीकडून सारखं तापेपर्यंत. मग चिमूटभर नवसागर टाकला, भस्सकन पांढरा धूर. "स्टेप बॅक! टॉक्सिक आहे का?" मॅम ओरडल्या, पोरं दोन पावलं पुढे. कथलाची कांडी त्यांनी तापल्या पातेल्याला नुसती टेकवली, कथील 232 अंशालाच वितळतं त्यामुळे ती लगेच पाघळली, आणि कापसाचा बोळा गर्रकन फिरला. तांबूस काळपट पातेलं आतून चांदीसारखं झालं. मग पाण्यात बुडवलं, चर्रर्र. साठ-सत्तर पोरांच्या तोंडून एकच "ओ शिट" बाहेर पडलं, आणि मॅमनी तेवढं ऐकलं.

मग प्रश्न. काका तुमचं यूट्यूब चॅनल आहे का. सेफ्टी गॉगल का नाही. चटका बसतो का, यावर चाचांनी हाताचे डाग दाखवले, ते बघायला पुन्हा रांग. आमच्या चिरंजिवांनी विचारलं, तुमचा मुलगा काय करतो? "एसी रिपेअर. तो पण गॅस भरतो, टाका मारतो, कार्ड छापलंय, लोक साहेब म्हणतात." हा बहुतेक दिवसातला सगळ्यात उपयोगी धडा होता, पण रिपोर्टमध्ये त्याऐवजी 'स्टुडंट्स वेअर मेस्मराइज्ड' आलं.

संध्याकाळी मानधन. अकाउंट्सला पॅन हवं, बिल हवं, बिलावर जीएसटी नंबर नसेल तर तसं लेखी हवं. क्लार्कने मदत म्हणून विचारलं, चाचा, विश्वकर्मा योजनेचं कार्ड आहे का. त्या योजनेत 2023पासून 18 व्यवसाय घेतलेत, लोहार आहे, कुलूपवाला आहे, होडी बांधणारा आहे, न्हावी-शिंपीही आहेत. कल्हईवाला नाही. चाचांना हे पाठ होतं, चौकशी करून आले होते. शाळेने त्यांना लॅमिनेटेड सर्टिफिकेट दिलं, त्यांनी ते पिशवीत भात्याशेजारी ठेवलं आणि पैशांसाठी ऑफिसच्या बाकावर बसून राहिले. मी माझ्याकडून दिले, शाळेकडून 'प्रोसेसमध्ये' आहेत.

आता पुढच्या टर्मला पिंजारी आहे. आजच मेसेज आलाय. माणूस मिळेलही, जावयाच्या मुलाच्या नंबरांवर माझा आता विश्वास बसलाय. मी ग्रुपवर विचारलं, कापसाची जुनी गादी कुणाकडे आहे, पिंजायला लागेल. सगळ्यांकडे फोम. दोघींनी अंगठा दाखवलाय, आणि एकीने लिंक पाठवलीय, ऑर्थोपेडिक मॅट्रेसवर चाळीस टक्के ऑफ.