गॉगलने पडदा जळत नाही

माझे भाऊजी हर्णैला तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख आहेत. गेल्या आठवड्यात ते घरी आले तेव्हा त्यांचे डोळे लालभडक झाले होते, आणि ताईने हौसेने घेऊन दिलेला पोलराइज्ड गॉगल त्यांनी बोटीवरच्या खणात टाकून दिला होता. कारण विचारल्यावर त्यांनी मोबाइल पुढे केला. बोटवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरणाऱ्या त्या संदेशाचे म्हणणे असे: पोलराइज्ड गॉगलमुळे जीपीएस आणि मासे शोधणाऱ्या फिशफाइंडर यंत्राचा पडदा जळतो, पडदा काळा दिसला तर गॉगल अस्सल आणि डोळे पूर्ण सुरक्षित, वैमानिकांना असा गॉगल घालण्यास बंदी आहे, म्हणून तो बोटीवरही नको, त्याऐवजी साधा गडद काळा गॉगल घ्यावा. पहिला दावा गॉगल टाकून द्यायला सांगतो आणि दुसरा तो पारखून घ्यायला. लिहिणाऱ्याने स्वतःचा संदेश तरी एकदा वाचायला हवा होता.

पडदा जळण्याची गोष्ट आधी निकालात काढू. एलसीडी पडद्यात द्रवस्फटिकांच्या थराच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाचे ध्रुवण करणाऱ्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यामुळे त्यातून बाहेर येणारा प्रकाश एकाच दिशेत कंप पावतो. गॉगलच्या काचेत तशीच पट्टी असते. ती उभ्या कंपनांना वाट देते आणि आडव्यांना अडवते. दोन्हींच्या दिशा जुळल्या की पडदा दिसतो आणि काटकोनात आल्या की काळा होतो. अशा पट्टीने पडदा जळत असता तर तो कारखान्यातच जळाला असता. भाऊजींना ‘जीपीएस गेला’ असे वाटले त्याच क्षणी शेजारी उघड्या डोळ्यांनी उभा असलेला खलाशी त्याच पडद्यावरून पाण्याची खोली वाचून दाखवत होता. पूर्ण काळ्या पडद्यासमोर मान ३० अंश कलती केली तर जुळलेल्या दिशेच्या तुलनेत चौथा हिस्सा उजेड परत येतो, आणि ४५ अंशांवर निम्मा. हा हिशेब मालुस या फ्रेंच अभियंत्याने दोनशे वर्षांपूर्वीच मांडून ठेवला आहे.

वैमानिकांच्या दाव्यात मात्र अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने वैमानिकांसाठी काढलेल्या माहितीपत्रकात पोलराइज्ड काचांची शिफारस केलेली नाही; चकाकीरोधक गाळण्या लावलेली उपकरणे त्यांतून अंधूक किंवा अदृश्य होऊ शकतात आणि दुसऱ्या विमानाच्या काचेवरची चमक झाकली जाऊ शकते, अशी कारणे तिथे दिली आहेत. पण शिफारस नसणे म्हणजे बंदी नव्हे. शिवाय तांडेलाला दिवसभर ज्या पाण्याकडे डोळे लावावे लागतात, त्याच्या चकाकीसाठीच या काचा उपयोगी आहेत. सपाट पाण्यावर उभ्या रेषेपासून सुमारे ५३ अंशांच्या कोनात पडून परावर्तित होणारा प्रकाश जवळजवळ पूर्णपणे आडव्या कंपनांचा असतो, म्हणजे सूर्य क्षितिजापासून साधारण ३७ अंश वर असताना गॉगलचा लाभ सर्वांत जास्त होतो. सूर्य अगदी बुडायला टेकला की हा लाभ बराच घटतो, हेही सांगितले पाहिजे.

खरा संताप शेवटच्या सल्ल्याचा आहे, कारण भाऊजींनी तोच पाळला. रस्त्यावरच्या टपरीवरून त्यांनी गडद काळा गॉगल आणला. साधी काळी काच चकाकी आणि समोरचा देखावा दोन्ही सारख्याच प्रमाणात मंद करते, त्यामुळे चकाकीत हरवलेला जाळ्याचा बोया हरवलेलाच राहतो. पडदाही मान कशीही वळवली तरी अंधुकच दिसतो. आणि काच गडद असून अतिनील किरण अडवत नसेल, तर अंधारामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरणांना आत जायला अधिक वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के आणि किनाऱ्यावरची कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परावर्तित करते, म्हणजे वरून टोपी घातली तरी खालून मारा चालूच असतो. वर्षानुवर्षे उन्हात राबणाऱ्यांच्या बुबुळावर मांसल पडदा चढण्याचे अतिनील किरण हे एक ज्ञात कारण आहे. आमच्या आळीत असे डोळे शोधायला लांब जावे लागत नाही.

राहिला दुसरा दावा. पडदा काळा होणे हे फक्त ध्रुवणाचे लक्षण आहे. अतिनील किरण अडवण्याशी त्याचा काही संबंध नाही. त्यासाठी काचेवर ४०० नॅनोमीटरपर्यंतच्या संरक्षणाची खूण हवी, आणि चष्म्याच्या दुकानात मीटर असेल तर तिथे ती मिनिटभरात तपासून मिळते. पडदा न काळवंडणे हेही गॉगल नकली असल्याचा पुरावा नाही, कारण काही नव्या पडद्यांवर प्रकाशाला वर्तुळाकार ध्रुवण देणारा जादा थर असतो, आणि त्यामुळे मान कशीही वळवली तरी पडदा दिसत राहतो.

भाऊजींनी पोलराइज्ड गॉगल खणातून काढून आणला आहे. ताईच्या मोबाइलसमोर तो धरून आम्ही मोबाइल आडवा-उभा फिरवला, तेव्हा एका बाजूला पडदा काळा झाला आणि दुसऱ्या बाजूला भाच्याचा फोटो लख्ख दिसला. नंतर कळले की हा संदेश त्यांनी स्वतः अकरा जणांना पुढे पाठवला होता. त्या अकराही जणांना त्यांनी माझ्यासमोर बसून एकेक फोन केला.