‘चौथा सर्वांत समान देश’ म्हणे!

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड दर दोन-तीन महिन्यांनी उगवतोच. वर तिरंगा, खाली तीन दावे. भारतात अतिगरिबी फक्त २.३ टक्के उरली. जगातली गरिबीही याच वेगाने घटतेय, २०३० पर्यंत खल्लास. आणि भारत हा जगातला चौथा सर्वांत समान देश आहे, अमेरिका-चीन कुठल्या कुठे मागे. पहिल्या आणि तिसऱ्या दाव्यातले आकडे जागतिक बँकेचेच आहेत, त्यामुळे ‘फेक आहे’ म्हणून सुटका नाही. आकडे कशाचे आहेत, ते बघावं लागतं.

आधी २.३ टक्के. हा आकडा माणशी दिवसाला २.१५ डॉलर या जुन्या रेषेचा. जून २०२५ मध्ये बँकेने ती रेषा ३ डॉलरवर नेली. त्या हिशेबाने २०२२-२३ मध्ये भारतात ५.३ टक्के, म्हणजे साधारण साडेसात कोटी लोक अतिगरीब होते. यावर ग्रुपवरच्या एकाने लगेच गुणाकार केला : ‘तीन डॉलर म्हणजे अडीचशे रुपये. पाच जणांचं घर असेल तर महिन्याला सदतीस हजार. हे गरीब?’ गडबड अशी की हा डॉलर विमानतळावर बदलून मिळतो तो नव्हे. अमेरिकेत तीन डॉलरला जेवढं येतं तेवढं इथे घ्यायला किती रुपये लागतील, असा तो हिशेब असतो. २०२१ च्या भावाने ते साठ-पासष्ट रुपये होतात. त्यात माणसाचं दिवसभराचं खाणं, भाडं, गॅस, गोळ्या-औषधं, सगळं.

घट मात्र खरी आहे आणि मोठीही आहे. ३ डॉलरच्याच रेषेखाली २०११-१२ मध्ये २७.१ टक्के लोक होते. मधल्या काळात सर्वेक्षणाची पद्धत बदलली, म्हणून तुलना जरा हात राखून करावी, पण घट नाकारण्यात अर्थ नाही. फक्त रेषा ४.२० डॉलरवर नेली, म्हणजे नव्वद रुपयांच्या आतच, की तिच्याखाली भारतातले २३.९ टक्के लोक येतात. साठच्या जरा वर आणि नव्वदच्या खाली एवढी गर्दी आहे. घरातलं एक आजारपण त्यांना परत खाली ओढायला पुरतं.

(विरुद्ध पार्टीचाही एक फॉरवर्ड फिरतो : ‘गरिबी संपली तर ८१ कोटी लोकांना फुकट धान्य कशाला?’ तोही तितकाच कच्चा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातले ७५ टक्के आणि शहरातले ५० टक्क्यांपर्यंत लोक धरले. त्याचा या डॉलरच्या रेषेशी संबंध नाही.)

दुसरा दावा २०३० चा. ३ डॉलरच्या रेषेखाली १९९० मध्ये जगात सुमारे २३० कोटी लोक होते, २०२५ मध्ये सुमारे ८० कोटी. हा उतार बघून पट्टी लावून रेघ पुढे ओढायचा मोह होतो. पण ही घट झाली कुठे? मुख्यतः चीनमध्ये, मग भारत, इंडोनेशिया, व्हिएतनाम अशा देशांत. तिथले बहुतेक लोक रेषा ओलांडून गेले. आता उरलेल्या अतिगरिबांपैकी दोन-तृतीयांश सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत, आणि तिथल्या कित्येक देशांत वाढच नाही. मादागास्कर १९६० मध्ये स्वतंत्र झाला आणि २०२० पर्यंत तिथलं दरडोई उत्पन्न जवळजवळ निम्म्यावर आलं. काँगोतून जगातलं निम्म्याहून जास्त कोबाल्ट निघतं, आपल्या मोबाइलच्या बॅटरीत ते असतं, आणि तिथली बहुसंख्य जनता या रेषेखाली आहे. चीनचा वेग काँगोला लावून तारीख काढता येत नाही. खुद्द बँकेनेच २०२४ च्या अहवालात म्हटलंय की २०३० मध्येही जगातले सुमारे ७ टक्के लोक अतिगरीब असतील. तेही जुन्या, खालच्या रेषेने.

आता तिसरा दावा. याला माझा जास्त वेळ जाणार आहे, कारण ज्या सर्वेक्षणातून असे आकडे येतात, त्याचं थोडं काम मी स्वतः केलंय. भारताचा जिनी निर्देशांक २५.५ आहे (विषमतेचं माप : शून्य म्हणजे सगळे सारखे, शंभर म्हणजे सगळं एकाकडे), अमेरिकेचा ४१.८. पण भारताचा आकडा सरकारी सर्वेक्षणात घरोघरी विचारलेल्या खर्चाचा आहे आणि अमेरिकेचा उत्पन्नाचा. समजा एका घरात महिन्याला पाच लाख येतात आणि खर्च होतो दीड लाख. त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींच्या घरात पंधरा हजार येतात आणि पंधराच्या पंधरा जातात. उत्पन्नातला फरक तेहतीस पट, खर्चातला दहा पट. उरलेले साडेतीन लाख एसआयपीत नाहीतर दुसऱ्या फ्लॅटच्या हप्त्यात जातात, आणि खर्चाच्या फॉर्मात त्यांना रकानाच नसतो.

शिवाय तो फॉर्म भरून कोण देतं? या सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत मी ठाणे जिल्ह्यात अन्वेषक (घरोघरी माहिती भरून घेणारा) म्हणून हिंडलो. चाळीत बाई स्टुलावर बसवायची आणि सात दिवसांत तेलाच्या किती पिशव्या फुटल्या ते बोटांवर मोजून सांगायची. मीठ, मसाला, काडेपेटीसुद्धा. अडीच तास. टॉवरमध्ये वॉचमनच्या इंटरकॉमवरूनच उत्तर यायचं : ‘मॅडम बिझी आहेत.’ तीन चकरा मारल्यावर त्या घराच्या जागी दुसरं घर घ्यायचो, म्हणजे जे दार उघडेल ते. पेंटहाउसच्या दारापर्यंत मी एकदाही पोचलो नाही.

जागतिक बँकेच्या ज्या टिपणातून २५.५ उचलला, त्यातच विषमता प्रत्यक्षाहून कमी दिसत असावी असं लिहिलंय. उत्पन्नाचा जिनी २००४ मध्ये ५२ होता, तो २०२३ मध्ये ६२ झाल्याचा वेगळा अंदाजही तिथेच दिलाय, आणि वरच्या दहा टक्क्यांतल्या मधल्या माणसाची कमाई खालच्या दहा टक्क्यांतल्या मधल्या माणसाच्या तेरा पट असल्याचंही. जुलै २०२५ च्या सरकारी पत्रकात ‘चौथा क्रमांक’ झळकला तेव्हा ही वाक्यं मागेच राहिली. उत्पन्नाचा ६२ हा अंदाजही करविवरणं आणि सर्वेक्षणं जोडून काढलेला, वाद घालण्याजोगा आहे. पण अमेरिकेच्या ४१.८ शेजारी ठेवायचाच, तर तो ठेवा.

देशभरातल्या घरांच्या उत्पन्नाचं सर्वेक्षण २०२६ मध्ये करायचं सांख्यिकी मंत्रालयाने जाहीर केलंय. म्हणजे पुन्हा कुणीतरी पोरगा ओळखपत्र गळ्यात अडकवून त्याच गेटवर उभा राहणार, आणि या वेळी तेलाच्या पिशव्या नाही, पगार विचारणार.