‘मरून परत आलेला माणूस सुखी होतो’ म्हणे!

दर काही महिन्यांनी हा मजकूर नव्या फोटोसह फिरायला लागतो. त्यातला दावा थोडक्यात असा: ज्यांचं हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालं ते सगळे बोगद्यापलीकडचा प्रकाश बघून येतात. ते खरोखर मेलेले असतात. परतल्यावर त्यांची मृत्यूची भीती जाते, राग-लोभ सुटतात, आयुष्य आनंदाचं होतं. आणि हे सगळं विज्ञानानं सिद्ध केलं आहे. खाली हात जोडलेले.

‘सगळे’ या शब्दापासूनच घोळ सुरू होतो. नेदरलँड्सचे हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हान लोमेल यांनी १० रुग्णालयांतल्या ३४४ रुग्णांचा अभ्यास २००१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. हे सगळे कार्डिअॅक अरेस्टमधून, म्हणजे हृदय अचानक बंद पडण्यातून वाचलेले. त्यातल्या ६२ जणांना, म्हणजे १८ टक्क्यांना, असा काही अनुभव आला होता. उरलेल्या २८२ जणांना काहीही आठवत नव्हतं. बरं, दिसतं तेही सगळ्यांना सारखं नसतं. सतवंत पसरीचा आणि इयान स्टीव्हन्सन या संशोधकांनी १९८६ मध्ये भारतातले १६ अनुभव मांडले, त्यात यमदूत होते आणि ‘चुकीचा माणूस आणलात, परत नेऊन सोडा’ असा हुकूमही होता. वरच्या दरबारातही कारकुनी चुका होतात तर!

‘मेलेले असतात’ हे दोन ओळींत निकालात निघतं. हृदय थांबणं उलटवता येतं, मेंदूमृत्यू उलटवता येत नाही. परत आलेला माणूस या दुसऱ्या रेषेपलीकडे गेलेलाच नसतो. शिवाय असे अनुभव सांगणाऱ्या ५८ रुग्णांची कागदपत्रं १९९० साली तपासली गेली, तेव्हा त्यातल्या ३० जणांच्या जिवाला धोकाच नव्हता असं निघालं. आपण चाललो, एवढं वाटणंही पुरत असावं.

‘विज्ञानानं सिद्ध केलं’ यात मात्र थोडं थांबायला हवं, कारण प्रयत्न खरोखर झाला आहे. डॉक्टर सॅम पार्निया यांच्या गटानं १५ रुग्णालयांत छताजवळ फळ्या बसवल्या आणि त्यावर चित्रं ठेवली, तोंड वर करून. खाटेवरून ती दिसणं अशक्य. शरीर सोडून छतापाशी तरंगणाऱ्यालाच दिसणार. २०१४ साली निकाल आले: २०६० अरेस्ट, मुलाखती १४० वाचलेल्यांच्या, आणि चित्र ओळखणारा एकही नाही. आजूबाजूला काय चाललं होतं ते सांगणारे दोघे निघाले, त्यातल्या एकाचं वर्णन नोंदींशी जुळलं. पण त्याच्या खोलीत फळीच नव्हती. बहुतेक अरेस्ट फळी नसलेल्या खोल्यांतच झाले होते. म्हणजे आत्मा सिद्ध झाला नाही आणि प्रयोगानं तो खोडलाही नाही. ‘प्राणवायू कमी पडला की भास होतात, विषय संपला’ असं ऐटीत लिहिणाऱ्यांनीही जरा सबुरीनं घ्यावं. याच गटाच्या २०२३ च्या पुढच्या अभ्यासात सीपीआर (छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न) चालू असताना काही रुग्णांच्या मेंदूत तासाभरापर्यंत अधूनमधून संघटित लहरी दिसल्या. तिथे नेमकं काय घडतं याचा पक्का उलगडा अजून झालेला नाही.

माझा खरा राग आहे तो ‘आयुष्य आनंदाचं होतं’ या वाक्यावर.

एक तर अनुभव सुखदच असतो असं नाही. ब्रूस ग्रेसन आणि नॅन्सी एव्हान्स बुश या अभ्यासकांनी १९९२ मध्ये भेदरवून टाकणारे अनुभव गोळा केले. कुणाला तोच प्रकाश अंगावर धावून आल्यासारखा वाटला, कुणी अंत नसलेल्या पोकळीत एकटं पडलं, कुणी थेट नरक बघितला. ‘सगळ्यांना शांती मिळते’ असं वाचल्यावर हा माणूस तोंड उघडेल कसा? मलाच तेवढं वाईट का दिसलं, मी इतका पापी आहे का, हा प्रश्न तो मनातच ठेवतो.

ज्यांना छान वाटलं त्यांचंही पुढचं सोपं नसतं. आधी शरीर. सीपीआरमध्ये बरगड्या मोडलेल्या असतात, खोकला आला तरी कळ मस्तकात जाते. थकवा हटत नाही, विसरायला होतं, पुन्हा अरेस्ट येईल या धास्तीनं झोप उडते. त्यात हा अनुभव सांगावा तर राऊंडवरचे डॉक्टर म्हणतात, ‘औषधांमुळे होतं असं,’ आणि पुढच्या खाटेकडे वळतात. नातेवाईक एक तर घाबरतात, नाहीतर पायाच पडायला लागतात. मग माणूस बोलणं बंद करतो. काहींना परत आणल्याचाच राग येतो, आणि तो बोलून दाखवायची सोय नसते, कारण घरचे देवाचे आभार मानत असतात. पगार, बढती, घराचे हप्ते यातला रस एकाएकी जातो. जोडीदाराला मात्र तेच आयुष्य चालवायचं असतं. ‘तू पहिल्यासारखा राहिला नाहीस’ हे तेव्हा कौतुकानं म्हटलेलं नसतं.

बदल होतो, हे खरंच आहे. व्हान लोमेल यांच्या गटाला २ आणि ८ वर्षांनी घेतलेल्या मुलाखतींत अनुभव आलेल्यांची मृत्यूची भीती कमी झालेली आढळली. पण तीच माणसं जास्त हळवीही झाली होती, आणि हा बदल अंगवळणी पडायला वर्षं लागतात असं त्यांनी नोंदवलं आहे. फिरणाऱ्या मजकुरात तो डिस्चार्जच्या दिवशीच पूर्ण होतो! दुसरी गोष्ट तर त्यात कधीच नसते: ज्यांना काहीच दिसलं नव्हतं, त्यांच्यातही ८ वर्षांनी चांगले बदल आढळले. अनुभव आलेल्यांइतके नाहीत, पण आढळले, आणि तेही कुठलाही प्रकाश न बघता.