एकोणतिसाव्या वर्षी संघाबाहेर, बत्तिसाव्या वर्षी पहिली

(पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.)

मी मूळचा सोलापूरचा. बर्फाशी माझा संबंध उसाचा रस आणि शाळेबाहेरचा गोळा एवढ्यापुरताच. अशा माणसाने क्रॉस-कंट्री स्कीइंगवर लिहायचं म्हणजे कोकण्याने उंटावर बोलायचं. पण न्यू हॅम्पशायरमध्ये बारा हिवाळे काढलेत. मुलगी सातवीत असताना शाळेतून स्की घेऊन घरी आली, आणि तेव्हापासून दर शनिवारी मी थर्मास घेऊन कुठल्या तरी टेकडीवर कुडकुडत उभा असतो.

मागच्या आठवड्यात तिची ज्युनियर संघात निवड झाली नाही. वय सोळा. कोचबाईंनी गोड शब्दांत सांगितलं की आकडे कमी पडतायत. घरी येऊन ती जेवली नाही. त्याच रात्री आबांचा सोलापूरहून फोन. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं. आता अभ्यासाला तरी लागेल."

आबांवर चिडता येत नाही. त्यांच्या डोक्यात खेळ आणि अभ्यास ही एकाच तागडीची दोन पारडी आहेत, एक खाली गेलं की दुसरं वर जाणारच. पण "सोळाव्या वर्षी आकडे कमी" हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून मी मुलीला रोझी ब्रेनन या अमेरिकेच्या क्रॉस-कंट्री स्कीपटूबद्दल सांगायला बसलो. ती म्हणाली, "बाबा, मला माहितीये रोझी." तिला रोझीचे दावोसमधले विजय माहीत होते. मला दावोसच्या आधीचं सांगायचं होतं. ती उठून गेली, म्हणून तुम्हाला सांगतोय.

रोझी ब्रेननचा जन्म डिसेंबर 1988 चा. वाढली युटामधल्या पार्क सिटीत. 2002 चं हिवाळी ऑलिंपिक तिच्या अंगणातच झालं म्हणायचं, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. पुढे शिकायला आली ती आमच्या राज्यात, हॅनोव्हरच्या डार्टमथ कॉलेजात. 2011 ची पदवी.

डार्टमथबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे "कॉलेजचा खेळाडू" म्हटलं की गॅदरिंगच्या आसपास होणारी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा डोळ्यांसमोर येते. इथलं प्रकरण वेगळं आहे. या कॉलेजचा आउटिंग क्लब 1909 चा, विंटर कार्निव्हल 1911 पासूनचा. पूर्वेकडच्या कॉलेजांच्या स्की शर्यतींना आजही "कार्निव्हल"च म्हणतात. एका आठवड्याला डार्टमथचा, एका आठवड्याला व्हर्मॉंटचा, मग मिडलबरीचा, विल्यम्सचा, बेट्सचा. जानेवारी-फेब्रुवारीत दर शुक्रवार-शनिवार शर्यती. पोरं व्हॅनमध्ये बसून जातात आणि येताना त्याच व्हॅनमध्ये गृहपाठ करतात.

शेवटी मार्चमध्ये एनसीएए या कॉलेजांच्या खेळांच्या संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा. ती 1954 पासून चालू आहे आणि 1983 पासून मुलगे-मुली मिळून एकच संघ असतो. एका कॉलेजला जास्तीत जास्त बारा जण नेता येतात: उतारावरच्या अल्पाइनचे तीन मुलगे, तीन मुली आणि नॉर्डिक म्हणजे क्रॉस-कंट्रीचे तीन मुलगे, तीन मुली. गुण सगळ्यांचे एकत्र. म्हणजे तुम्ही तुमच्या शर्यतीत अकराव्या आलात तरी ते गुण दुसऱ्या डोंगरावर उतरणाऱ्या मित्राच्या गुणांत मिसळतात. एरवी इतक्या एकलकोंड्या खेळात ही एकच गोष्ट मला सांघिक वाटते. आणि समोर कोण असतं? नॉर्वेहून, जर्मनीहून शिष्यवृत्तीवर आलेली तगडी पोरं. डेन्व्हर, युटा, कोलोरॅडो अशा विद्यापीठांत ती भरपूर असतात. यावर इथे दरवर्षी वाद होतो की अमेरिकेच्या पैशावर नॉर्वेजियन का शिकवायचे. माझं मत विचाराल तर आमच्या पोरांना नॉर्वेला न जाता नॉर्वेजियनांकडून मार खायला मिळतो. याहून स्वस्त शिकवणी नाही.

डार्टमथ मात्र आयव्ही लीग या पूर्वेकडच्या जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटातलं. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. कितीही जोरात पळा, फी माफ होते ती घरच्या परिस्थितीवर, पायांवर नाही. पण तिथे एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी मी या कॉलेजला शंभर गुन्हे माफ करीन. दहा-दहा आठवड्यांची चार सत्रं, आणि त्यातलं कुठलं सत्र बाहेर राहायचं हे बऱ्याच अंशी विद्यार्थ्याने ठरवायचं. स्की करणारा एखादा हिवाळा पूर्ण सुट्टी घेतो, युरोपात शर्यती करतो आणि उन्हाळ्यात वर्गात येऊन बसतो. कोणी "वर्ष वाया गेलं" म्हणत नाही, कारण वर्ष वाया जाण्याची व्यवस्थाच काढून टाकलेली आहे.

त्या चार वर्षांत तिच्या आगेमागे कोण होतं पाहा. इडा सार्जंट. सोफी कॉल्डवेल, जी 2014 ला सोचीमध्ये स्प्रिंटच्या अंतिम फेरीत पोहोचून सहावी आली. मुलींच्या कोच कॅमी थॉम्पसन ग्रेव्हज. हॅनोव्हर म्हणजे एक हिरवळ, चार रस्ते आणि एक नदी एवढंच गाव. तिथल्या एका कॉलेजच्या एका संघातून एकाच काळात निदान तीन ऑलिंपियन पोरी निघाल्या.

पण आता मुद्द्यावर येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्की संघातून रोझी ब्रेननला एकदा नाही, दोनदा काढलं.

दुसरी वेळ 2018 ची. त्या फेब्रुवारीत प्योंगचांगला ती आयुष्यातली पहिली ऑलिंपिक शर्यत धावली आणि अठ्ठावन्नावी आली. त्याच ऑलिंपिकमध्ये जेसी डिगिन्स आणि किकन रँडल यांनी अमेरिकेला या खेळातलं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं, स्वीडनला 0.19 सेकंदाने मागे टाकून. सगळा देश त्या दोघींकडे बघत होता आणि तेच बरोबरही होतं. रोझीच्या अंगात मात्र मोनोन्यूक्लिओसिस हा थकवून टाकणारा विषाणूजन्य आजार होता, हे मागाहून कळलं. ज्यांना तो झालाय त्यांना माहीत आहे, जिना चढताना धाप लागते. त्या वसंतात तिचं नाव संघातून गेलं. वय एकोणतीस. संघाबाहेर म्हणजे प्रवास, राहणं, शर्यतींचा खर्च, बराचसा आपल्या खिशातून.

यावर माझं पहिलं मत: निवड समिती दुष्ट नव्हती. पैसे कमी, जागा कमी, निकष कागदावर. कागद म्हणतो अमुक वयात अमुक क्रमांक हवा. एकोणतिशीची, अठ्ठावन्नावी, आजारी बाई त्या कागदात बसत नाही. मी तिथे असतो तर कदाचित मीही काट मारली असती.

दुसरं मत: तो कागदच चुकीचा आहे. हा खेळ दमाचा आहे. हृदय, फुफ्फुसं, पायांतली केशवाहिन्यांची जाळी ही वर्षानुवर्षांच्या मेहनतीने भरत जाते. चांगला स्कीपटू वर्षाला सातशे-आठशे तास सराव करतो आणि असे दहा-बारा वर्षं करतो, तेव्हा कुठे ते अंगात मुरतं. लोणच्यासारखं आहे हे. दुसऱ्या दिवशी बरणी उघडून "कैरी कडक आहे" म्हणून टाकून देणाऱ्याला काय म्हणाल? रँडलला सुवर्ण मिळालं तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती. नॉर्वेची मारिट ब्यॉर्गेन त्याच ऑलिंपिकमध्ये सदतिसाव्या वर्षी 30 किलोमीटर जिंकली. (हो, योहान्स क्लेबो तिथेच एकविसाव्या वर्षी तीन सुवर्णं घेऊन गेला, माहीत आहे. क्लेबोवरून नियम बनवायचा तर सचिनवरून सोळाव्या वर्षी सगळ्यांना कसोटीत घ्यावं लागेल.)

मग बरणी ठेवायची कुठे? अठरा ते अठ्ठावीस या वयात जो अजून काहीच जिंकत नाही, त्याला कोण सांभाळणार?

नॉर्वेत गावागावातला क्लब सांभाळतो. आपल्याकडे फौज, रेल्वे, पोलीस. अविनाश साबळे आठवा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा मुलगा, बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला आणि पळायला गंभीरपणे लागला तो त्यानंतर, 2015 मध्ये. विशीच्या आतल्या निवड चाचणीत तो कोणाला दिसलाच नसता. पुढे 2022 ला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल रौप्य, 2024 ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 3000 मीटर स्टीपलचेस 8:09.91 मध्ये. इतकंच काय, हिवाळी ऑलिंपिकला भारताकडून क्रॉस-कंट्रीत 2018 ला जो गेला तो जगदीश सिंहही लष्करातलाच. आपल्याकडे दमाच्या खेळाडूची बरणी बराकीत ठेवलेली असते.

अमेरिकेत ती कॉलेजात असते. आणि रोझीच्या बाबतीत गंमत बघा, आधीही आणि नंतरही विद्यापीठच मदतीला आलं. डार्टमथ संपल्यावर ती अलास्कात गेली, अँकोरेजच्या अलास्का पॅसिफिक युनिव्हर्सिटीच्या स्की संघात. नाव विद्यापीठाचं, पण त्यात शिक्षण संपलेले तिशीचे खेळाडूही सराव करतात. रँडल तिथलीच. कोच एरिक फ्लोरा. उन्हाळ्यात हे लोक हेलिकॉप्टरने ईगल ग्लेशियरवर जाऊन राहतात आणि जूनच्या उन्हात हिमनदीवर तास न् तास फेऱ्या मारतात. राष्ट्रीय संघाने काढलं तेव्हा तिच्याजवळ कोच होता, सोबती होते, बर्फ होता. फक्त जर्सीवरचं एक नाव गेलं होतं.

12 डिसेंबर 2020. स्वित्झर्लंडमधलं दावोस. फ्रीस्टाइल, म्हणजे स्केटिंगसारखं ढकलत जायच्या प्रकारातली स्प्रिंट. रोझी ब्रेनन पहिली. वर्ल्ड कप म्हणजे हिवाळाभर चालणारी शर्यतींची मालिका, त्यातला आयुष्यातला पहिला विजय, बत्तीस पूर्ण होऊन दहा दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी 10 किलोमीटर फ्रीस्टाइल. पुन्हा पहिली. स्प्रिंट म्हणजे दीडेक किलोमीटरची झुंबड, त्यात कोपरं लागतात, काठ्या तुटतात. दहा किलोमीटर म्हणजे एकेकाला अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने सोडतात आणि मग तुम्ही, घड्याळ आणि चढ. शंभर मीटर आणि पाच हजार मीटर लागोपाठ जिंकण्याइतकं टोकाचं नाही, पण त्याच जातीचं. वर्ल्ड कपच्या एकूण गुणांतही ती सगळ्यांच्या वर गेली.

लगेच कुजबुज सुरू झाली. कारण साथीमुळे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड तिन्ही देश त्या आठवड्यात आलेच नव्हते. "मांजर नसताना" वगैरे. आक्षेप खोटा नाही, मी तो झटकणार नाही. नॉर्वेची अव्वल स्कीपटू थेरेसे युहौग तिथे असती तर रविवारचा निकाल तोच लागला असता, असं छातीठोक मी म्हणणार नाही. पण ज्या बाईला अडीच वर्षांपूर्वी स्वतःच्या देशाच्या यादीत जागा नव्हती, तिने आलेल्या सगळ्यांना दोन दिवसांत दोन वेगळ्या प्रकारांत हरवलं, हेही झटकता येत नाही.

आणि मग 8 फेब्रुवारी 2022. बीजिंग ऑलिंपिक, शर्यती झांगजियाकोऊला. स्प्रिंट. आधी पात्रता, मग उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम अशा एकाच दिवसात चार वेळा जीव काढायचा. अंतिम फेरीत सहा जणी, त्यात दोन अमेरिकन. स्वीडनच्या यॉना सुंडलिंगला सुवर्ण, माया डालक्विस्टला रौप्य, जेसी डिगिन्सला कांस्य. रोझी चौथी.

हे थोडं सावकाश वाचा. त्या दिवसापर्यंत कुठल्याही अमेरिकन बाईचा ऑलिंपिक क्रॉस-कंट्रीतला सर्वोत्तम वैयक्तिक क्रमांक पाचवा होता. रोझीने तो मोडला. पण तिची मैत्रीण तिच्या एक जागा पुढे होती, त्यामुळे इतिहास जेसीच्या नावावर लागला, रास्तपणे लागला, आणि रोझीचा चौथा क्रमांक त्याच क्षणी त्याच्या सावलीत गेला. पी. टी. उषाचा 1984 चा चौथा क्रमांक आपण चाळीस वर्षं एकमेकांना सांगतोय, एक शतांश सेकंदासकट. रोझीच्या चौथ्या क्रमांकाबद्दल मला इथे, तिच्या कॉलेजपासून काही मैलांवर राहून, कोणी कधी काही बोललेलं आठवत नाही. पुढे त्याच ऑलिंपिकमध्ये 30 किलोमीटरला ती सहावी आली. चार वर्षांपूर्वीची अठ्ठावन्नावी.

आबांना हे सगळं मी रविवारी फोनवर सांगितलं. शांतपणे ऐकलं त्यांनी. मग विचारलं, "पण पदवी घेतली ना तिने?"

घेतली म्हटलं. भूगोलात.

"मग हरकत नाही," म्हणाले.

मुलगी शेजारी बसून ऐकत होती. हसली, आठवड्यात पहिल्यांदा. नंतर गॅरेजमध्ये जाऊन स्कीवरचं जुनं वॅक्स खरवडत बसली. मी विचारलं नाही कशासाठी.

फेब्रुवारीत हॅनोव्हरच्या बाजूला कार्निव्हलची शर्यत असेल. न्यू हॅम्पशायर-व्हर्मॉंटच्या आसपास कोणी मराठी मंडळी असाल तर या. तिकीट नाही. शेवटच्या रेषेपाशी गर्दी करू नका, तिथे नुसत्या बर्फात पडलेल्या पोरी दिसतात. मधल्या चढावर उभे राहा. मी तिथेच असेन, निळी टोपी, चहा आणि सोलापूरची शेंगा चटणी घेऊन. येताना स्वतःचा कप आणा, माझ्याकडे दोनच आहेत.