‘एस. एफ. सॉरो’ ही ‘टॉमी’ची नक्कल नव्हे

‘द प्रिटी थिंग्ज’ या ब्रिटिश रॉक बँडचा ‘एस. एफ. सॉरो’ हा अल्बम ‘द हू’ या दुसऱ्या ब्रिटिश बँडच्या ‘टॉमी’ या अल्बमवरून उचलला, असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. तारखा बघितल्या तरी यातली गफलत कळते. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत निर्माता नॉर्मन स्मिथच्या हाताखाली ‘सॉरो’चं ध्वनिमुद्रण १९६७च्या अखेरीस सुरू झालं आणि डिसेंबर १९६८मध्ये तो इंग्लंडमध्ये बाजारात आला. ‘टॉमी’ आला मे १९६९मध्ये. नंतरच्याची नक्कल आधीचा कशी करेल?

घोळ झाला तो अमेरिकेत. तिथे ‘सॉरो’ ‘टॉमी’च्या मागून निघाला, साहजिकच लोकांनी त्यालाच नकलाकार ठरवलं. बिचाऱ्यांचं नशीबच खोटं.

पण म्हणून ‘टॉमी’च चोरलेला, हे उलटं टोकही नको. ‘टॉमी’ लिहिणाऱ्या पीट टाउनशेंडने तसा प्रभाव नाकारला आहे. शिवाय १९६६मध्येच ‘द हू’ने नऊ मिनिटांचं एक कथागीत केलं होतं.

‘सॉरो’ला ‘पहिला रॉक ऑपेरा’ (म्हणजे गाण्यांतून सलग गोष्ट सांगणारा रॉक अल्बम) हा किताबही जपूनच द्यावा. ब्रिटनच्याच ‘निर्वाना’ बँडने (कर्ट कोबेनचा नव्हे, हा जुना) १९६७मध्ये सलग गोष्ट सांगणारा अल्बम काढला होता.