लहान मुलं असतील तर ग्लेंडलॉखला जा

आयर्लंडच्या सहलींवरच्या एका लेखात डब्लिनहून एका दिवसात क्लिफ्स ऑफ मोहेर (पश्चिम किनाऱ्यावरचे उंच समुद्रकडे) करा म्हटलंय, पण लहान मुलं सोबत असतील तर जायला ३ तास, यायला ३ तास, पोरं गाडीतच कंटाळतात हो. त्यापेक्षा डब्लिनच्या दक्षिणेला असलेल्या विकलो काउंटीमधलं ग्लेंडलॉख करा, साधारण तासाभराचा रस्ता. नावाचा अर्थच दोन तळ्यांची दरी. सहाव्या शतकात सेंट केव्हिनने इथे मठ वसवला, तिथला सुमारे ३० मीटर उंच गोल मनोरा अजून उभा आहे आणि त्याचं दार जमिनीपासून जवळजवळ साडेतीन मीटर वर, माझी मुलगी सारखी विचारत होती की आत जायचे कसे, तर शिडी लावून! खालच्या तळ्याकडून वरच्या तळ्याकडे जाणारा ग्रीन रोड सपाट आहे, बाबागाडी आरामात जाते, सासूबाईंचे गुडघे दुखतात तरी त्या पूर्ण चालल्या. तिथल्याच पुलानास धबधब्याला जायला मात्र चढ आहे. डबा घरूनच न्या, आम्ही थालीपीठं नेतो, वरच्या तळ्याकाठी हिरवळीवर बसून खायला काय मस्त वाटतं! वीकेंडला लवकर पोचा, पार्किंग भरतं, आणि जुलै असला तरी रेनकोट हवाच.